दोघी जावा आणि एक आकडा

जबलपूरच्या दीक्षितपुऱ्यात कुणाचं वजन वाढलं की उतरलं, हे त्या माणसाच्या आधी गल्लीला कळतं. गल्ल्या अरुंद, ओटे रस्त्याला चिकटलेले, आणि भाजीवाल्यापासून शेजारच्या आजींपर्यंत प्रत्येकाला दुसऱ्याच्या अंगाबद्दल मत. लग्न होऊन मी या बाड्यात आले तेव्हापासून मला एकच शेरा मिळत आला, ‘किती बारीक राहिलीस गं, छान!’ आणि माझ्या मोठ्या जाऊबाईंना दुसरा, ‘आता जरा कमी करा हो, हार्टला बरं नाही.’ आम्ही दोघी एकाच ओट्यावर शेंगा सोलत बसलेल्या असताना हे दोन्ही शेरे एका दमात यायचे. जाऊबाई हसायच्या. मीही हसायचे, त्यांच्यापेक्षा जरा जास्त.

आमची उंची सारखीच, पाच फूट एक इंच. म्हणून दोघींच्या साड्यांचे फॉल एकाच मापाने लागतात. वजनं मात्र माझं ५२ किलो आणि त्यांचं ७१. मी सत्तावन्न वर्षांची, त्या एकसष्ट. मी बँकेत काउंटरवर आयुष्य काढलं. जाऊबाई शाळेत पीटीच्या बाई होत्या. खो-खोच्या मुली घेऊन नागपूर, इंदूर, रायपूर असं सगळं त्यांनी पालथं घातलेलं. दोन बाळंतपणं झाली, मग थायरॉइड निघाला आणि वजन चढलं ते चढलंच. पण पायांची सवय सुटली नाही. निवृत्त झाल्यावरही सकाळी त्या भँवरताल उद्यानात जातात. रजनीशांना १९५३ मध्ये तिथल्याच मौलश्रीच्या झाडाखाली ज्ञान झालं असं सांगतात. जाऊबाई म्हणतात, ‘मला अजून तरी नुसता घामच येतोय.’ रविवारी बायकांचा कळप घेऊन मदनमहालची टेकडी. बाजारहाट पायी. मी मात्र फुहाऱ्यापर्यंत जायचं तरी ई-रिक्षा शोधणार. बारीक माणसाला व्यायामाची गरज नसते असं कुणी मला सांगितलं नव्हतं, पण कुणी उलटही सांगितलं नव्हतं.

दिवाळीला जाऊबाईंच्या मुलाने पुण्याहून दोन घड्याळं पाठवली, अगदी सारखी. एक आईला, एक काकूला. झोपेत नाडी मोजणारी. मनगटाच्या आतल्या बाजूला हिरवा दिवा लुकलुकतो, कातडीखाली रक्त वाढलं-ओसरलं की परत येणारा उजेड बदलतो, आणि त्यावरून घड्याळ ठोके ओळखतं. सकाळी मोबाइलवर आकड्यांची रांग : झोप किती, विश्रांतीची नाडी किती, आणि एक एचआरव्ही. म्हणजे हार्ट रेट व्हेरिएबिलिटी. काही दिवस आम्ही तो आकडा नुसता पाहून सोडून दिला. मग एका सकाळी चहा घेताना दोन्ही मोबाइल शेजारी ठेवले. माझी रात्रीची नाडी ८२, त्यांची ६४. माझा एचआरव्ही १८, त्यांचा ३१. ‘जास्त चांगलं की कमी?’ जाऊबाईंनी विचारलं. मी वाचून सांगितलं, ‘जास्त.’ त्या म्हणाल्या, ‘घड्याळ बिघडलंय.’ आम्ही घड्याळं अदलाबदल करून झोपलो. आकडे माणसांबरोबरच गेले.

मी काउंटरची बाई. न जुळणारा आकडा मला झोपू देत नाही. गल्लीच्या तोंडाशी राहणारी एक मुलगी मेडिकल कॉलेजात फिजिऑलॉजी शिकवते. लहानपणी जाऊबाईंच्या खो-खोच्या संघात होती, त्यामुळे अजूनही त्यांना पाहिलं की सावधान होते. तिला घरी बोलावलं. पोह्यांच्या बशीवर तिने जे समजावलं ते मला माझ्या शब्दांत असं सांगता येईल.

हृदयाच्या उजव्या कप्प्यात एक बारीकसा पेशींचा पुंजका असतो, तोच ठोका सुरू करतो. त्याला एकटं सोडलं तर तरुण माणसात तो मिनिटाला शंभरच्या आसपास ठोके देईल. बसल्या जागी आपली नाडी सत्तर राहते ती मेंदूतून उतरणाऱ्या दहाव्या नसेमुळे, जिला व्हेगस म्हणतात. दीक्षितपुऱ्याच्या गल्लीतून स्कूटर काढताना ब्रेकवर बोट कायम असतं, थोडं सोडायचं, थोडं दाबायचं, तसं व्हेगसचं चाललेलं असतं. श्वास आत घेताना ती जरा ढिली पडते, ठोके लवकर येतात. सोडताना पुन्हा आवळते, ठोके लांबतात. हे कार्ल लुडविग या जर्मन शास्त्रज्ञाने १८४७ मध्येच नोंदवलं होतं. दुसरी बाजू, जी पळताना किंवा भांडताना हृदयाला पिटाळते, ती सिंपथेटिक. तिचा परिणाम व्हायला काही सेकंद लागतात, व्हेगसचा मात्र पुढच्याच एखाद-दुसऱ्या ठोक्याला दिसतो. म्हणून लागोपाठच्या दोन ठोक्यांत जो फरक पडतो, तो बहुतांशी व्हेगसचा. निरोगी हृदय घड्याळासारखं टकटक करत नाही. ते प्रत्येक श्वासाला जरासं झुकतं.

आमच्या घड्याळातला आकडा काढायची रीतही तिने कागदावर लिहून दिली. लागोपाठच्या ठोक्यांमधली अंतरं मिलिसेकंदांत घ्यायची, शेजारशेजारच्या अंतरांतला फरक काढायचा, प्रत्येक फरकाचा वर्ग, सगळ्यांची सरासरी, मग वर्गमूळ. मला हे फार आवडलं. त्या रात्री मी कॅल्क्युलेटर घेऊन बसले आणि माझ्या लक्षात एक गंमत आली. नाडी साठवरून बासष्टवर गेली तर दोन ठोक्यांमधलं अंतर १००० मिलिसेकंदांवरून ९६८ वर येतं, म्हणजे ३२ चा फरक. तीच नाडी नव्वदवरून ब्याण्णववर गेली तर ६६७ वरून ६५२, फरक फक्त १५ चा. दोन ठोक्यांची वाढ तीच, पण ज्याची नाडी मुळात संथ त्याच्या खात्यात दुप्पट जमा. मी दुसऱ्या दिवशी त्या मुलीला विचारलं, तर ती म्हणाली, ‘काकू, हे खरं आहे. यावर संशोधकांत वाद आहेत. एचआरव्हीचा बराचसा भाग म्हणजे विश्रांतीची नाडीच, फक्त दुसऱ्या मापाने मोजलेली.’ तेव्हापासून मी आधी नाडी बघते आणि मग तो आकडा. ज्यांच्याकडे घड्याळ नाही त्यांचं यात फारसं अडत नाही. सकाळी उठल्या उठल्या अंथरुणातच मनगट धरून मिनिटभर मोजली की अर्धी बातमी कळते.

तिने आम्हा दोघींना कॉलेजातही नेलं. खाटेवर निजवून, हाता-पायाला ईसीजीची टोकं लावून, मिनिटाला सहा श्वास घ्यायला लावले. पाच सेकंद आत, पाच सेकंद बाहेर, तिच्या हाताच्या इशाऱ्यावर. श्वास आत घेताना नाडी कुठवर चढते आणि सोडताना कुठवर उतरते, यातलं अंतर बघायचं. ही तपासणी १९७० च्या दशकात एडिंबरोत यूइंग आणि क्लार्क यांनी मधुमेहाच्या रोग्यांसाठी बसवली. मधुमेहाने पायाच्या नसा जातात तशी हृदयाची नसही जाते, ती गेली की नाही हे यातून कळतं. पंधरा किंवा वर फरक आला तर ठीक, दहा किंवा खाली आला तर बिघाड, मधलं काठावरचं. जाऊबाईंचे सतरा. माझे अकरा. वयाने हा फरक कमी होत जातो हे तिने लगेच सांगितलं, पण जाऊबाई माझ्याहून मोठ्या आहेत हे आम्हा तिघींनाही माहीत होतं.

माझे वडील मधुमेही होते. तिने रक्त तपासायला सांगितलं. साखरेची एचबीए१सी तपासणी ६.१ निघाली. मधुमेह नाही, पण त्याच्या उंबऱ्यावर. मग टेप आणून कंबर मोजली. ८४ सेंटिमीटर. भारतीय बायकांसाठी ८० ही मर्यादा धरतात, पुरुषांसाठी ९०. पंजाबी कुडत्याखाली ही गोष्ट वर्षानुवर्षं दिसली नव्हती. हात-पाय काड्या आणि मधे पोट. आणि गल्ली म्हणत होती, छान.

या प्रकाराचा अभ्यास पुण्यात झालाय, हे मला त्या दिवशी कळलं. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये एक छोटंसं टिपण छापलं, सोबत दोघांचा फोटो. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, तंतोतंत सारखा, २२.३. पण यंत्रावर शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. एकजण फावल्या वेळात मॅरेथॉन पळणारा. दुसऱ्याचा मुख्य व्यायाम, टिपणातच लिहिल्याप्रमाणे, सकाळी रुग्णालयाच्या लिफ्टचं दार मिटायच्या आत धावत गाठणं. डॉक्टराने स्वतःचं पोट असं जगापुढे मांडावं याचं मला फार कौतुक वाटलं. याज्ञिकांच्या गटाने पुण्याच्या आसपासच्या गावांतली नवजात बाळं मोजली होती. इंग्लंडमधली बाळं सरासरी साडेतीन किलोंची, इथली २.७. पण कमी भरलेलं वजन स्नायूंचं आणि पोटातल्या अवयवांचं होतं. कातडीखालची चरबी त्या मानाने टिकून होती. म्हणजे बारीक दिसणं आणि चरबी असणं, हे दोन्ही आपल्याकडे पाळण्यापासून एकत्र नांदतात. आपल्याकडच्या डॉक्टरांनी २३ च्या पुढे जास्त वजन आणि २५ ला लठ्ठपणा धरायला सुरुवात केली, ती यासाठीच. माझा बीएमआय २१.७. कागदावर उत्तम.

आता मूळ प्रश्न. वजन आणि दम, या दोघांत एचआरव्ही कुणाचं ऐकतो? मी त्या मुलीकडून निबंध मागून घेतले आणि जमेल तसे वाचले. एकच उत्तर मिळत नाही, पण कल दिसतो. वजन फार वाढलेल्यांत आकडा बहुधा कमी असतो, आणि त्यातही नुसत्या किलोंपेक्षा पोटावरच्या चरबीशी नातं जास्त घट्ट. पोटातली चरबी वाढली की इन्शुलिन चढं राहतं, सिंपथेटिक बाजू रात्रंदिवस जागी राहते आणि व्हेगसला जागा उरत नाही. स्वीडनमध्ये खूप लठ्ठ लोकांचं वजन शस्त्रक्रियेने उतरवलं आणि वर्षाने पाहिलं, तर आकडा सुधारलेला होता. १९९९ मधला तो अभ्यास आहे. म्हणजे वजनाचा दोष खरा आहे, गल्ली अगदीच चूक बोलत नव्हती. पण दुसरीकडे, नेमाने दम लागेल असं चालणाऱ्या-पळणाऱ्या माणसाचं हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलतं, म्हणून बसल्या वेळी त्याला कमी ठोके पुरतात, व्हेगसचा अंमल वाढतो. लठ्ठ माणसांतही ज्यांचा दम चांगला, त्यांचा आकडा बसून राहणाऱ्या लठ्ठांपेक्षा बरा निघालेला आहे. जाऊबाईंचं गणित तिथे बसतं. एकोणीस किलो जास्त घेऊन मदनमहालची टेकडी चढणाऱ्या बाईचं हृदय, एकही टेकडी न चढणाऱ्या बाईच्या हृदयापेक्षा पुढे असलं तर त्यात चमत्कार नाही.

तरी एक गोष्ट ती मुलगी पुन्हा पुन्हा सांगत राहिली : दोन माणसांचे आकडे शेजारी ठेवून निकाल लावू नका. वय, आनुवंशिकता, थायरॉइडच्या गोळ्या, रक्तदाबाची औषधं, सगळ्याने फरक पडतो. एकाच वयाच्या दोन निरोगी माणसांत दुपटीचा फरक सहज असतो. आपला आकडा आपल्याच मागच्या महिन्याशी लावायचा. हे पटतं, आणि तरीही सांगते, मला हलवलं ते शेजारी ठेवलेल्या त्या दोन मोबाइलांनीच.

जाऊबाईंनी मला हाताशी धरलं. पीटीच्या बाईच्या हाताखाली सत्तावन्नाव्या वर्षी येणं ही सोपी गोष्ट नाही. पहिल्या दिवशी भँवरतालच्या अर्ध्या फेरीत मला धाप लागली आणि त्यांनी मागे वळूनही पाहिलं नाही. त्यांचा नियम साधा : चालताना बोलता आलं पाहिजे, गाता येता कामा नये. गाता येत असेल तर तुम्ही फिरायला आलाय, बोलताही येत नसेल तर उद्या येणार नाही. थोडं संथ, थोडं झपाझप, पुन्हा संथ. घरी आल्यावर बाड्याच्या मागच्या जिन्याच्या फेऱ्या. हा जिना १९९७ च्या २२ मेच्या भूकंपात तडकला होता आणि नंतर सिमेंटने असा काही लिंपला की एकही पायरी दुसरीसारखी नाही. जाऊबाईंच्या मते पायाला हेच चांगलं. घोट्यांना सवय लागते.

पहिले काही आठवडे काहीच झालं नाही. उलट जास्त दमलेल्या दिवशी रात्रीचा आकडा खाली यायचा, आणि मी चिडायचे. थकलेलं शरीर रात्रीही सावरण्याच्या कामात असतं, आकडा तेच दाखवतो, हे नंतर कळलं. काही दिवसांतच आणखीही कळलं. बाड्यात लग्न निघालं आणि पाहुण्यांच्या गर्दीत झोप मोडली की आकडा पडायचा. रात्री अकराला जेवण झालं की पडायचा. कमानिया गेटजवळून खव्याची जिलबी आली आणि ‘एकच’ म्हणत तीन झाल्या, तर दुसऱ्या सकाळी मोबाइल उघडायचीच भीती. जाऊबाईंना ताप येणार होता तेव्हा त्यांचा आकडा आदल्या रात्रीच निम्म्यावर आला होता. आम्हाला दुसऱ्या संध्याकाळी अंग तापल्यावर त्याचा अर्थ लागला. एका रात्रीच्या आकड्याला काही किंमत देऊ नये, आठवड्याची सरासरी बघावी, हे आम्ही दोघींनी आपापल्या परीने ठरवलं.

मधे एक वेगळाच प्रकार झाला. ह्यांनी मला अनुलोम-विलोम करायला बसवलं. घड्याळात पाच मिनिटं मोजायची सोयही होती. श्वास संथ केला तर आकडा भरारा चढला, साठीच्या वर. घरात पेढे वाटायचेच बाकी होते. पण रात्रीचा आकडा होता तिथेच. कारण सरळ आहे. मिनिटाला सहा श्वास घेतले की श्वासाची लय आणि रक्तदाबाची स्वतःची सावकाश लय एकमेकींवर येतात, त्यामुळे नाडीचा झोका मोठा होतो. इटलीतल्या बर्नार्डी यांच्या गटाने २००१ मध्ये दाखवलं की लॅटिन जपमाळ म्हणताना आणि योगातला मंत्र म्हणतानाही श्वास आपोआप मिनिटाला सहाच्या आसपास येतो आणि हेच घडतं. आमच्या सासूबाई रामरक्षा ज्या लयीत म्हणायच्या ती आठवली. प्राणायामाने मला शांत वाटतं आणि मी तो सोडलेला नाही. लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये कैवल्यधाम काढून या सगळ्याला प्रयोगशाळेत नेलं, तेव्हापासून यावर आपल्याकडे काम चालू आहे. पण त्या पाच मिनिटांचा आकडा श्वासाचा असतो. टेकडीचा दम त्यात शोधू नये.

होळीपर्यंत फरक दिसायला लागला, पावसाळा संपता संपता तो टिकला. माझी रात्रीची नाडी ८२ वरून ७३ वर आली. एचआरव्ही १८ वरून २४. कंबर ८४ वरून ८०. एचबीए१सी ५.८. आणि वजन? ५२ होतं, साडेएकावन्न झालं. अर्धा किलो. वजनकाट्याला विचारलं असतं तर तो म्हणाला असता, या बाईने वर्षभर काहीच केलं नाही. गल्लीचंही तेच मत. भाजीवाला मात्र एकदा म्हणाला, ‘भाभीजी, आजकल रिक्शा नहीं दिखता आपका.’ मला ते प्रमाणपत्र पुरलं.

जाऊबाईंची गोष्ट उलटी. त्यांच्या दमाला कुणी नावं ठेवू शकत नव्हतं, पण गुडघा कुरकुरायला लागला होता आणि रक्तदाब काठावर. डॉक्टरांनी वजनावर बोट ठेवलं. घड्याळाच्या आकड्याच्या जोरावर त्या डॉक्टरांशी वाद घालायला निघाल्या होत्या, मी अडवलं. रात्रीचं जेवण आठच्या आत, चहातली साखर बंद, भात एका वेळी. एवढ्यानेच वर्षभरात पाच किलो उतरले. भाऊजींचं म्हणणं की त्यांचं घोरणं निम्मं झालं. गुडघा बरा आहे, रक्तदाबही खाली आला. एचआरव्ही ३१ वरून ३३, म्हणजे न मोजण्याइतका. ज्या बाईचं हृदय आधीच चाललेलं होतं, तिला पाच किलोंनी गुडघ्यात मिळालं, घड्याळात नाही. मला दमाने मिळालं, त्यांना वजनाने. आमच्या दोघींच्या उदाहरणावरून कुणी नियम बांधू नये. पण दीक्षितपुऱ्यातले ते दोन जुने शेरे, एक मला आणि एक त्यांना, यांत अदलाबदल करायला हवी होती एवढं मी ठामपणे म्हणते.

आणि हा आकडा फार मोठा आहे असंही समजू नका. डॉक्टरी जगात त्याला वजन आलं ते हृदयविकाराच्या झटक्यातून वाचलेल्या लोकांमुळे. १९८७ मध्ये अमेरिकेत क्लायगर आणि सहकाऱ्यांनी अशा ८०८ रोग्यांची चोवीस तासांची नोंद तपासली. ज्यांच्या ठोक्यांमधली फेरफार ५० मिलिसेकंदांपेक्षा कमी होती, त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण १०० च्या वर असणाऱ्यांपेक्षा पाचपटीहून जास्त निघालं. पण ते माप वेगळं, नोंद चोवीस तासांची, आणि माणसं झटका येऊन गेलेली. माझ्या मोबाइलवरच्या २४ शी त्या ५० चा काही संबंध नाही. घाबरून अनेकजण ही दोन मापं एकमेकांत घालतात. निरनिराळ्या कंपन्यांची घड्याळंही एकच माप दाखवत नाहीत. काही जण एक सूत्र वापरतात, काही जण दुसरं. तेव्हा नणंदेच्या घड्याळाशी आपलं ताडून बघण्यात अर्थ नाही.

शेवटी नानाकाकांचं सांगायला हवं, कारण त्याशिवाय हे लिहिणं अर्धवट राहील. नानाकाका म्हणजे माझे चुलत सासरे, बाड्याच्या मागच्या खोल्यांत राहतात, वय अठ्ठ्याहत्तर. आमचं बघून त्यांनी नातवाकडून घड्याळ मागवलं. पहिल्याच आठवड्यात त्यांचा एचआरव्ही नव्वदच्या वर. ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचे, ‘बघा, या घरात सगळ्यात तरुण हृदय माझं.’ आम्हीही मान्य केलं. जाऊबाईंना मात्र पटेना. एका संध्याकाळी त्यांनी सवयीने काकांचं मनगट धरलं, मुलींची नाडी मोजायच्या तसं, आणि मिनिटभर एक शब्द बोलल्या नाहीत. ठोके ना जलद, ना संथ, नुसते बेताल. दोन पटकन, मग खंड, मग एक जोराचा, मग तीन हलके. श्वासाशी कशाचाही मेळ नाही. सकाळी ईसीजी काढला. एट्रियल फिब्रिलेशन. हृदयाचे वरचे कप्पे आकसण्याऐवजी नुसते थरथरतात, ठोके कसेही पडतात, आणि दोन ठोक्यांमधला फरक साहजिकच प्रचंड वाढतो. घड्याळाने तो फरक इमानाने मोजला आणि सूत्रात घातला. व्हेगसचा त्यात काही हात नव्हता. थरथरत्या कप्प्यात रक्ताची गुठळी होऊन मेंदूकडे जाण्याचा धोका असतो, म्हणून काकांना आता रक्त पातळ ठेवायचं औषध चालू आहे. तब्येत ठीक आहे. घड्याळ घालतात, पण ओट्यावर दाखवत नाहीत.

म्हणून ज्यांच्या घरी अशी घड्याळं आली आहेत त्यांना एवढंच सांगायचं. आकडा हळूहळू वाढला आणि नाडी संथ होत गेली तर चाला, चालत राहा. पण साठीच्या पुढच्या माणसाचा आकडा एकदम चढला, तर कौतुक करत बसू नका. अंगठ्याच्या मुळाशी मनगटावर तीन बोटं ठेवा, पूर्ण मिनिटभर नाडी बघा, आणि ती बेताल लागली तर त्याच दिवशी ईसीजी काढून डॉक्टरांना दाखवा.